सरांचं कोपर आणि देवाचा मेंढा

आमच्या आष्टी तालुक्यात टेनिसचं मैदान असलंच तर ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. सरांनी तर रॅकेट टीव्हीच्या बाहेर कधी पाहिली नव्हती. तरीही एका उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या कोपराला जे झालं त्याला डॉक्टरांनी ‘टेनिस एल्बो’ म्हटलं, आणि जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं, “काय सर, सुट्टीत फॉरेनला गेलते का काय?”

“न्हाई,” सर म्हणाले, “मेंढरं कातरायला गेलतो.”

आणि त्यांनी डाव्या हातानं चहाचा कप उचलला. उजव्या हातानं तो उचलत नव्हता. भरलेला कप, कुलपातली किल्ली, ओला पंचा पिळणं आणि कुणाशी हात मिळवणं, एवढं सोडून बाकी सगळं त्या हाताला जमत होतं. सूज नाही, जखम नाही, पट्टी नाही. सहानुभूती दाखवायला आलेल्या माणसानं बघायचं कुठं, हाच प्रश्न पडावा असलं ते दुखणं.

सर गणिताचे, मी मराठीचा. एका शाळेत आम्ही बरीच वर्षं काढली. त्यांचं घराणं मेंढपाळांचं. वडील, चुलते, आजे सगळे मेंढरांमागं हिंडलेले. सर शिकले, नोकरीला लागले आणि कळप धाकट्या भावाकडं राहिला. पण हातात खडू आला म्हणून अंगातला धनगर निघून जातो असं थोडंच आहे? मधल्या सुट्टीत ते व्हरांड्यात काठी खांद्यांवर आडवी टाकून, दोन्ही मनगटं तिच्यावरून खाली लोंबती सोडून उभे राहत आणि मैदानातली पोरं न्याहाळत. ती काठी कुणाला कधी लागली नाही. प्रार्थनेच्या वेळी ओळींवरून एकदाच नजर फिरवत आणि म्हणत, “नववीतलं एक कमी हाय. नळावर आसंल, यील.” हजेरीपट नंतर उघडायचा, आणि तो सरांना कधी खोटं पाडायचा नाही. पोरांना ते माणसांत धरतच नसत, कळपात धरत. त्यात अपमान नव्हता. कळपातल्या जिवावर त्यांची जेवढी माया होती त्याच्या निम्मी जरी माणसांवर असती, तरी आम्हा सहकाऱ्यांचं कल्याण झालं असतं.

दुसरी खोड कापडाची. समोरच्याच्या अंगावरचा स्वेटर, मफलर, शाल काहीही असो, न विचारता चिमटीत धरायचं, चोळायचं आणि निकाल द्यायचा. एकदा स्नेहसंमेलनाला एक पुढारी आले होते. सत्काराची शाल आणायचं काम माझ्याकडं होतं आणि बीडच्या दुकानदारानं शपथेवर सांगितलेली ‘प्युअर लोकर’ मी विश्वासानं घेऊन आलो होतो. शाल घालायचा मान सरांचा. त्यांनी ती उलगडली, चिमटीत धरली, आणि समोर माइक चालू आहे याचं भान न ठेवता म्हणाले, “ह्यात लोकर न्हाई. नुसतं नायलॉन हाय हे.”

हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी फुलांच्या कुंडीकडं पाहिलं. पुढारी मात्र मुरलेले होते. ते म्हणाले, “घाला हो सर. आमच्या भाषणात तरी कुठं लोकर असती?” त्या वर्षी टाळ्या मिळाल्या त्या तेवढ्याच वाक्याला.

तर अशा माणसाचं कोपर. ते का दुखलं हे सांगायचं तर देवाच्या मेंढ्याबद्दल सांगावं लागेल.

सरांच्या घरात मेंढरं वर्षातून दोनदा कातरतात, उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुमाराला. आदल्या दिवशी मेंढरं ओढ्यावर धुवायची, वाळू द्यायची. सकाळी भावकीतले कातरणारे जमले की पहिला देवाचा मेंढा. हा देवाच्या नावानं सोडलेला, याला विकायचं नाही, कापायचं नाही, याचे पायसुद्धा बांधायचे नाहीत. त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा आणि घरातल्या थोरल्यानं स्वतःच्या हातानं त्याची लोकर उतरवायची. तो मेंढा पुरा झाल्याशिवाय दुसऱ्या कुणी कातर हातात घ्यायची नाही. थोरल्याच्यानं होईना झालं तर मान धाकट्याकडं जातो, आणि गेलेला मान माघारी येत नाही.

सर थोरले. एकदा ते मला म्हणाले होते, “कळप त्याचा, रान त्याचं, पायपीट त्याची. माझं त्यात काय ऱ्हायलंय? तेवढा एक मेंढा. ती कातर हातातून गेली की मी नुसता मास्तर.”

धाकट्याचंही काही खोटं नव्हतं. भर पावसात मेंढरांभोवतीची जाळी धरून उभा राहणार तो, लांडग्यामागं पळणार तो, आणि वर्षातून दोनदा मोटारसायकलवर येऊन मान घेऊन जाणार थोरला. दोघांत भांडण असं नव्हतं. कामापुरतं बोलायचे, आणि काम फारसं नसायचं. त्या उन्हाळ्यात देवाचा मेंढा झाल्यावर धाकटा सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणाला, “झालं मास्तरांचं. आता फोटू काढून जावा म्हणावं घरला.”

सर उठलेच नाहीत. दिवे लागेपर्यंत मेंढरामागून मेंढरू कातरत राहिले. मेंढरांची कातर म्हणजे काही शिंप्याची कात्री नव्हे. जड, लांब पात्यांची, दर वेळी पुऱ्या पंजानं आवळायची. सहा महिने ज्या हातानं खडूपेक्षा जड काही उचललं नाही, त्या हातानं एका दिवसात अर्धा कळप मोकळा केला. दोन दिवसांनी तोंड धुताना तांब्या हातातून सुटून पायावर पडला.

इथं माझा प्रवेश होतो. मला कुठल्याही दुखण्यावर उपाय माहीत असतो. हा माझा जन्मजात आजार आहे आणि त्याच्यावर मात्र उपाय नाही. माझे मामा गुडघ्याला बिब्ब्याचं तेल लावत, एवढ्या भांडवलावर मी सरांना म्हणालो, “बिब्बा लावू. दोन दिवसांत मोकळे व्हाल.”

मामा सुईच्या टोकानं एक ठिपका देत, हे मला आठवत होतं. पण एका ठिपक्यानं मामांचा गुडघा बरा व्हायला जन्म गेला, आपल्याकडं दिवाळीपर्यंतच वेळ आहे, असा हिशेब करून मी चांगला गोल काढला. संध्याकाळपर्यंत सरांच्या कोपरावर लिंबाएवढा फोड. आणि मी त्याच बोटांनी गाल खाजवला होता. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो तो एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं भोपळा. हेडमास्तरांनी आधी सरांचं कोपर पाहिलं, मग माझा गाल पाहिला आणि म्हणाले, “तुम्ही दोघं भांडलात का एकमेकांशी?”

सर माझ्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “आता कोपर दुखतंय का फोड दुखतोय तेच कळंना. एक तर कमी झालं.”

फोड बरा झाल्यावर माणसानं गप्प बसावं की नाही? मी नारायणगडाच्या यात्रेतून तांब्याचं कडं आणून दिलं. त्यानं मनगट हिरवं झालं. मग मी शास्त्राकडं वळलो आणि म्हणालो, “सर, विश्रांती. हात हलवायचाच नाही.” वहिनींची ओढणी त्यांच्या गळ्यात अडकवून मी स्वतः त्यांचा हात झोळीत टाकला. पावसाळ्याचा पहिला भाग तो हात झोळीतच होता. गावानं फ्रॅक्चर समजून विचारपूस केली. दुखणं खरंच कमी झालं. हात काही करतच नव्हता तर दुखणार कशाला? मग एक दिवस सरांनी झोळी काढली, फळा पुसायला डस्टर उचललं, आणि डस्टर खाली पडलं. वर्गात कुणी हसलं नाही. सरांनी वाकून डाव्या हातानं ते उचललं. सुट्टीत ते व्हरांड्यात उभे होते, पण काठी खांद्यावर नव्हती. मला म्हणाले, “दिवाळीला कातर धरवंल असं वाटत न्हाई. धाकट्यानं आत्ताच विचारलंय म्हणं भावकीत, यंदा मेंढा कुणी कातरायचा म्हणून.”

त्या शनिवारी मी त्यांना बीडला एका फिजिओथेरपीच्या मॅडमकडं घेऊन गेलो. वयानं लहान, बोलायला तुटक, पण लक्ष सगळं हातावर. त्यांनी ‘कुठं दुखतंय’ हे शेवटी विचारलं. आधी विचारलं, “हातानं काय केलंत?” सरांनी मेंढरं सांगितली. बिब्बा, कडं आणि झोळी मीच सांगितली, जरा आवाज उतरवून. मॅडमनी माझ्याकडं असं पाहिलं की माझा गाल परत खाजायला लागला.

मग त्यांनी सरांना तळवा खाली करून एक खुर्ची उचलायला लावली. सर कळवळले. तीच खुर्ची तळवा वर करून उचलायला लावली. पुष्कळ सोपं गेलं. मॅडम म्हणाल्या, “मनगट वर उचलणारे जे स्नायू आहेत ना, ते कोपराच्या या बाहेरच्या हाडाला कंडरेनं बांधलेले असतात. कंडरा म्हणजे दोरीच समजा. तुम्ही कातर आवळता तेव्हा मनगट ताठ धरता, सगळा ताण तिच्यावर. सहा महिने तिला काम नव्हतं, मग एका दिवसात सगळं दिलंत. ती दमली. मग तुमच्या या मित्रांनी तिला काहीच करू दिलं नाही, त्यानं अजून लेचीपेची झाली.”

“मशीन लावा की मग,” मी म्हणालो. “करंटचं. आष्टीहून आलोय आम्ही.”

“मशीन आहे,” मॅडम म्हणाल्या, “पण दोरी सरांची आहे. ती करंटनं बळकट होत नाही.” त्यांनी अर्धी भरलेली पाण्याची बाटली आणली. हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, तळवा खाली. डाव्या हाताच्या आधारानं बाटली वर न्यायची आणि उजव्यानं एकट्यानं सावकाश खाली सोडायची. सावकाश म्हणजे बघणाऱ्याला कंटाळा येईल इतकी. पट्टा बांधायचा तर दुखतंय त्या हाडावर नाही, त्याच्या खाली. सामान उचलताना तळवा वर. इंजेक्शनचं मी विचारलंच. त्यानं लवकर बरं वाटतं, पण दुखणं पुष्कळदा फिरून येतं, असं त्या म्हणाल्या. आणि शेवटी सरांना म्हणाल्या, “थोडं दुखलं तर चालेल. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. तीनच्या वर गेलं की थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त वाटलं तर बाटलीतलं पाणी कमी करायचं.”

सरांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उजळला. बाहेर आल्यावर म्हणाले, “दुखण्याला बी आकडा हाय, बघा. आधी कावून न्हाई सांगितलं कुणी?”

त्यानंतर शाळेत कुणीही ‘कसं आहे’ विचारलं की उत्तर यायचं, “अडीच.” नव्या शिपायाला ते चहाचे कप वाटायचे. सर बाटली वर्गातच करत. पोरांना उदाहरण घालायचं आणि टेबलाशी बसून बाटली खाली सोडायची. आठवड्याभरात नववीचा अख्खा वर्ग आपापल्या बाटल्या बाकाच्या कडेवरून मुकाट्यानं खाली सोडायला लागला. हेडमास्तरांनी खिडकीतून ते दृश्य पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “पोरांचं काय आंदोलन बिंदोलन हाय का पाण्याबद्दल?”

दसऱ्यापर्यंत बाटली पूर्ण भरली. कप उचलायला लागला, किल्ली फिरायला लागली. पण बाटली ती बाटली आणि मेंढा तो मेंढा. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, “कातरा, पण थांबत थांबत. तीन झालं की कातर खाली.” सर हो म्हणाले. बाहेर येऊन मला म्हणाले, “मधीच कातर खाली ठिवली तर भावकी काय म्हणंल, ते त्या बाईंना म्हाईत न्हाई.”

कातरणीच्या दिवशी मी गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण उपचार करणाऱ्यानं रोग्याला असं सोडू नये. माळावर भावकी बसली होती, कातरी धार लावून तयार. धाकटा लांब बाभळीखाली हाताची घडी घालून उभा. सरांनी मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावला, त्याला गुडघ्यात धरलं आणि मानेपासून सुरुवात केली. लोकर गोधडीसारखी उलगडत खाली यायला लागली. हात सुरेख चालला होता. खांद्यापर्यंत आले आणि थांबले.

“तीन,” सर म्हणाले.

आणि त्यांनी कातर खाली ठेवली.

भावकीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, “हुईना वाटतं.” दुसरं कुणीतरी धाकट्याकडं बघायला लागलं. अर्धामुर्धा उघडा पडलेला मेंढा कोट काढता काढता दाराची बेल वाजलेल्या माणसासारखा दिसत होता. सर हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून बसले होते. मला राहवेना. मी म्हणालो, “सर, तुम्ही बसा निवांत, मी धरतो मेंढा.”

मेंढा धरणं म्हणजे काय हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मी त्याची शिंगं धरली. पुढचं नीट सांगता येत नाही, कारण मी ते उताणा पाहिलं. माळ, आभाळ, बाभूळ आणि परत माळ. मेंढा पळत होता आणि देवाच्या मेंढ्याला सोडायचं नाही एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. भावकी ओरडत होती, “सोडा, मास्तर, सोडा त्याला!” शेवटी बाभळीपाशी कुणीतरी मेंढ्याच्या मानेखाली हात घालून त्याला जागच्या जागी थांबवलं. धाकटा होता. माझ्या पँटीत काटे, तोंडात माती. तो आधी मेंढ्याला लागलंय का ते बघून मग माझ्याकडं वळला.

“कोण बे हे?” त्यानं भावकीला विचारलं.

“मराठीचे सर हायेत,” सरांनी सांगितलं. “बिब्बा यांनीच लावलता.”

धाकटा हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. समोरचा एक दात नव्हता. मेंढ्याला ओढत त्यानं थोरल्यापुढं आणलं, स्वतः खाली बसला आणि त्याला दोन्ही गुडघ्यांत आवळून धरलं. भावकीतला एक जण उठून म्हणाला, “मग आता तूच कातर की उरलेला. दिस वर आला.”

कातर धाकट्याच्या पायापाशीच पडली होती. त्यानं ती उचलली. पाती धोतरावर पुसली आणि मूठ थोरल्याकडं करून तशीच हातात धरून राहिला.

“च्या ठेवा,” तो भावकीला म्हणाला. “मेंढा कुठं पळून चाललाय? आन् ह्या मास्तरला परत धरू नगंस म्हणावं.”

मग असं चाललं: सर कातरायचे, ‘तीन’ म्हणायचे, धाकटा कातर घ्यायचा, पुसायचा, धरून बसायचा. सर हात मोकळा करायचे. मग धाकटा मूठ पुढं करायचा. भावकीचा चहा झाला, दुसऱ्यांदा झाला, पत्त्यांचा डाव सुरू झाला. कुणी दुसरं मेंढरू धरलं नाही. अशाच एका थांब्यात धाकट्यानं मला विचारलं, “त्या डाक्टरीणबाई काय म्हणत्यात? कायमचं बरं हुतंय का न्हाई?”

“होतंय म्हणतात,” मी सांगितलं. “पण वर्षाचं काम एका दिवसात नको, आणि महिनोन्महिने काहीच नाही, असंही नको. थोडं थोडं, रोज.”

त्यानं कातरीची मूठ थोरल्यापुढं केली. दुपार कलायच्या आत मेंढा पुरा झाला. उघड्या, पांढऱ्या पाठीवर धाकट्यानं चिमूटभर भंडारा टाकला, गुडघे सैल केले, आणि मेंढा अंग झाडत कळपात शिरला. भावकीनं पत्ते टाकून कातरी उचलल्या. सर कोपर चोळत उठले आणि मोटारसायकलीकडं निघाले. धाकटा लोकर गोळा करता करता, मान वर न करता म्हणाला, “दादा.”

सर थांबले.

“बाकीची कातरणी आज उरकंल. पर चार मेंढरं तशीच ठिवतो मी. सुट्टी हाय न्हवं तुझी? उद्या ये. रोज एक कर.”

सरांनी कळपावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, “चार कावून? धा ठेव.”

“चारच,” धाकटा म्हणाला. “मागनं वाढवू हळूहळू.”